ओळ नेमकी कुठे संपते: सीआर, एलएफ आणि त्यापायी अडणाऱ्या फायली

मोंढ्यातल्या अडत दुकानाचा हिशेब विंडोजवर, कॉलेजची लॅब विंडोजवर, आणि शेवटी सगळं चालायचं तो सर्व्हर मात्र लिनक्सवर. संभाजीनगर असो, नांदेड असो की लातूर, छोटं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याची मांडणी बहुधा अशीच असते. एक्सेलमधून काढलेली आवकेची यादी सर्व्हरवर जाते, प्रोग्रॅम शेवटच्या रकान्यातला ‘तूर’ आपल्या यादीतल्या ‘तूर’शी ताडून बघतो आणि म्हणतो, जुळत नाही. स्क्रीनवर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे. फरक असतो तो ‘र’च्या मागे बसलेल्या एका न दिसणाऱ्या बाइटचा. हा बाइट शोधायचा कसा, कुठली भाषा तो आपोआप काढते, कुठे तो हाताने काढावा लागतो आणि मुळात तो येऊच नये म्हणून काय करून ठेवायचं, हे इथे दिलं आहे. कमांड आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन अक्षरांत.

दोन बाइट, तीन पद्धती

मजकूर फाइलमध्ये ‘ओळ’ नावाची वेगळी वस्तू नसते. सगळी फाइल म्हणजे बाइटांची एकच लांब रांग. एडिटरला त्या रांगेत ठरावीक बाइट दिसला की तो पुढचा मजकूर खालच्या ओळीवर दाखवतो. हे ठरावीक बाइट दोन आहेत: क्रमांक १३, म्हणजे कॅरेज रिटर्न किंवा सीआर, आणि क्रमांक १०, म्हणजे लाइन फीड किंवा एलएफ. बहुतेक भाषांत पहिला बॅकस्लॅश-आर असा लिहितात, दुसरा बॅकस्लॅश-एन असा.

ही दोन कामं वेगळी असण्याचं कारण टेलिप्रिंटरमध्ये आहे. १९६३ साली आलेल्या टेलिटाइप मॉडेल ३३ सारख्या यंत्रात सीआर मिळाला की छापणारा भाग डाव्या कडेला परत जाई आणि एलएफ मिळाला की कागद एक ओळ वर सरके. उजव्या टोकापासून डावीकडे यायला एका अक्षराच्या वेळेपेक्षा जास्त वेळ लागे, म्हणून सीआर आधी पाठवायचा आणि तो भाग परतत असतानाच एलएफ पाठवायचा, असा क्रम पडला. सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टिमने ही जोडी तशीच ठेवली, तिच्याकडून ती डॉसने घेतली आणि डॉसकडून विंडोजने. मल्टिक्स आणि तिच्या पाठोपाठ युनिक्सने एकटा १० पुरेसा मानला. लिनक्स त्याच वाटेने गेलं. ॲपलच्या जुन्या मॅक ओएसमध्ये एकटा १३ असायचा. २००१ साली मॅक ओएस टेन आलं तेव्हा तेही १० वर आलं.

आज म्हणून तीन शक्यता धरायच्या: १३-१० (सीआरएलएफ, विंडोज), १० (एलएफ, लिनक्स आणि आजचं मॅक) आणि क्वचित नुसता १३. तिसरी संपली असं समजू नका. एक्सेलच्या ‘सेव्ह ॲज’ यादीत ‘सीएसव्ही मॅकिंटॉश’ हा पर्याय अजून असतो (सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामाने रकाने तोडलेली मजकूर फाइल) आणि घाईत कोणीतरी तोच निवडतो.

आधी मोजा, मग हात लावा

सरावासाठी एक फाइल बनवा. मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांची नावं, प्रत्येक वेगळ्या ओळीवर, मागेपुढे मोकळी जागा न सोडता: छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव. शेवटच्या नावानंतरही एकदा एंटर दाबा आणि यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत साठवायची एक पद्धत, म्हणजे एन्कोडिंग) मध्ये, बीओएमशिवाय (फाइलच्या सुरुवातीला बसणारी एन्कोडिंगची खूण), सेव्ह करा.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे प्रत्येकी स्वतंत्र चिन्ह धरलं जातं. ‘बीड’ म्हणजे ब, दीर्घ वेलांटी, ड: नऊ बाइट. आठही नावांची बेरीज, संभाजीनगरातली एक स्पेस धरून, १६३ बाइट होते. आता फाइलचा आकार बघा.

१७१ असेल तर ओळी एलएफवर संपतात. १७९ असेल तर सीआरएलएफवर. १७० किंवा १७७ आला तर शेवटची ओळ न संपवता सोडलेली आहे. या आकड्यांच्या वर तीन बाइट जास्त दिसले तर सुरुवातीला बीओएम, म्हणजे २३९, १८७, १९१ हे तीन बाइट बसले आहेत. इतक्या छोट्या फाइलवर हे एकदा हाताने जुळवून पाहिलं की पुढे मोठ्या फाइलचा आकार दोन मशीनवर वेगळा दिसला तर घाबरायला होत नाही: फरक ओळींच्या संख्येइतकाच असतो.

लिनक्सवर तपासायची सगळ्यात सोपी कमांड ‘फाइल’. तिला फाइलचं नाव द्या. उत्तरात सीआरएलएफ लाइन टर्मिनेटर्स असं आलं तर विंडोजची पद्धत. काहीच उल्लेख नसेल तर एलएफ. सीआरएलएफ आणि एलएफ दोन्ही नावं आली तर फाइल मिश्र आहे. मिश्र फाइल सगळ्यात त्रासदायक, कारण तिच्यात काही नोंदी जुळतात, काही नाही, आणि माणूस डेटाला दोष देत बसतो.

बरेच जण ‘कॅट वजा-मोठा-ए’ सुचवतात. इंग्रजी फाइलला ती उत्तम आहे, पण मराठी मजकुरावर ती प्रत्येक बाइट ‘एम-’ लावून दाखवते आणि सगळा पडदा कचऱ्याने भरतो. ती वापरायचीच असेल तर फक्त ओळीच्या टोकाकडे बघा: $ च्या आधी ^ आणि मोठा एम असेल तर तिथे १३ आहे. आमची पसंती ‘ओडी’ला आहे. तिला ‘वजा मोठा-ए लहान-एन’ आणि ‘वजा टी-यू-१’ हे दोन पर्याय दिले की बाइट थेट दशमान आकड्यांत दिसतात. ‘तूर’ असं दिसेल:

२२४ १६४ १६४ २२४ १६५ १३० २२४ १६४ १७६ १३ १०

पहिले नऊ आकडे शब्दाचे, उरलेले दोन ओळ संपल्याचे. विंडोजवर हेच काम पॉवरशेलची ‘फॉरमॅट-हेक्स’ करते, फक्त आकडे सोळाच्या पायातले: १३ तिथे शून्य-डी आणि १० तिथे शून्य-ए.

एडिटरमध्ये बघायचं तर व्हीएस कोडच्या खालच्या पट्टीत उजवीकडे एलएफ किंवा सीआरएलएफ लिहिलेलं असतं. त्यावर क्लिक करून बदलताही येतं, पण त्यानंतर सेव्ह करायला विसरू नका. नोटपॅड प्लस प्लसमध्ये व्ह्यू मेन्यूतून चिन्हं दाखवायला सांगितलं की प्रत्येक ओळीच्या शेवटी सीआर-एलएफचे काळे चौकोन दिसतात; मिश्र फाइल पकडायला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. साध्या नोटपॅडला २०१८ च्या ऑक्टोबर अपडेटपर्यंत एकटा एलएफ कळतच नसे आणि लिनक्सची फाइल त्यात सलग एका ओळीत दिसे. लॅबमधल्या जुन्या विंडोज ७ वर अजून तसंच दिसेल. फाइल बिघडलेली नाही, नोटपॅड जुना आहे.

लक्षणावरून दुखणं

शेल स्क्रिप्ट चालवली आणि ‘बॅड इंटरप्रिटर, नो सच फाइल’ असा संदेश आला, पण फाइल तर डोळ्यांसमोर आहे. इथे हरवलेली फाइल स्क्रिप्ट नाही. पहिल्या ओळीतल्या ‘बिन-बॅश’च्या शेवटी १३ चिकटला आहे, आणि लिनक्स ‘बॅश अधिक सीआर’ अशा नावाचा प्रोग्रॅम शोधतंय, जो कुठेच नसतो. डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) सुरुवातीची स्क्रिप्ट अशी असली तर कंटेनर ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ म्हणून लगेच बंद पडतो. स्क्रिप्ट ‘बॅश’ला हाताने दिली तर पहिली ओळ टिप्पणी म्हणून सुटते, मग प्रत्येक रिकाम्या ओळीवर ‘कमांड नॉट फाउंड’ येतं, कारण ती ओळ रिकामी नाहीच. तिच्यात १३ आहे.

छापलेली ओळ मध्येच खाल्ल्यासारखी दिसते, म्हणजे गावाचं नाव आणि त्यापुढचा आकडा छापायला सांगितलं आणि आकडा नावाच्या डोक्यावर येऊन बसला. टर्मिनल अजूनही १३ चा मूळ अर्थ पाळतो: कर्सर ओळीच्या सुरुवातीला नेतो, पुढचा मजकूर आधीच्यावर छापतो. असं दिसलं की निदान जवळजवळ पक्कं.

सेटिंगच्या ‘डॉट-एन्व्ह’ फाइलमधला डेटाबेसचा पासवर्ड बरोबर असून लॉगिन नाकारलं जातं. पासवर्डच्या शेवटी १३ आहे का बघा. काही लायब्ररी तो कापतात, काही नाही. शेलमधून ‘सोर्स’ केली तर नक्की राहतो.

गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) एक शब्द बदलला आणि सगळी फाइल बदलल्याचं दिसतंय? एडिटरने सेव्ह करताना सगळ्या ओळींची टोकं बदलली.

यादीतली शेवटची नोंद गायब होते, हे दुखणं १३ चं नाही तर न आलेल्या १० चं आहे. पॉझिक्सच्या, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमांसाठीच्या मानकाच्या, व्याख्येप्रमाणे ओळ म्हणजे तिच्या शेवटच्या १० सकट. ‘डब्ल्यूसी वजा-एल’ ओळी मोजत नाही, १० हे बाइट मोजते. म्हणून वरची आठ जिल्ह्यांची फाइल शेवटच्या एंटरशिवाय सेव्ह केली तर ती सात सांगते आणि नुसत्या सीआरच्या फाइलला शून्य. बॅशमधला ‘व्हाइल रीड’चा फेरा अशा फाइलची शेवटची ओळ वाचतो खरा, पण ‘रीड’ अपयश कळवते आणि फेऱ्याच्या आतलं काम त्या ओळीसाठी होत नाही. धाराशिव यादीत आहे, अहवालात नाही. यावर उपाय दोन: फाइल नेहमी १० ने संपवायची, आणि स्क्रिप्टमध्ये ‘रीड’ नंतर ‘किंवा चल रिकामा नसेल तर’ अशी जोड द्यायची. ‘कॅट’ने दोन फाइली जोडताना पहिलीची शेवटची ओळ आणि दुसरीची पहिली ओळ एकमेकींना चिकटतात तेही याचमुळे.

कुठल्या भाषेत काय होतं

सी भाषेत फाइल उघडताना मजकूर पद्धत आणि बायनरी पद्धत असे दोन प्रकार आहेत. लिनक्सवर दोन्ही सारखेच. विंडोजवर मजकूर पद्धतीत लिहिलेला प्रत्येक १० आपोआप १३-१० होतो, वाचताना उलट. इथून तीन भानगडी निघतात. एक, चित्र किंवा झिप फाइल ‘डब्ल्यू’ने उघडून लिहिली तर आतल्या प्रत्येक १० च्या आधी एक १३ घुसतो आणि फाइल मरते, ‘डब्ल्यू-बी’ हवं. दोन, विंडोजवर वाचताना २६ हा बाइट आला की मजकूर पद्धत फाइल संपली असं समजते. तीन, विंडोजची फाइल लिनक्सवर वाचली तर रूपांतर कोणीच करत नाही आणि ‘एफगेट्स’ने आणलेल्या ओळीच्या शेवटी १३ आणि १० दोन्ही असतात. नुसता शेवटचा एक बाइट कापणारा पाठ्यपुस्तकी कोड इथे हमखास फसतो. ‘एसटीआर-सी-स्पॅन’ फंक्शनला सीआर आणि एलएफ दोन्ही देऊन, जी जागा ते सांगेल तिथे शून्य ठेवा. शेवट एलएफ असो, सीआरएलएफ असो की काहीच नसो, कोडची एकच ओळ पुरते. सी प्लस प्लसच्या ‘गेटलाइन’लाही हेच लागू: ती १० काढते, १३ ठेवते.

पायथन ३ मध्ये ‘ओपन’ने मजकूर म्हणून उघडलेली फाइल वाचताना तिन्ही पद्धती आपोआप बॅकस्लॅश-एन बनतात, कुठल्याही सिस्टिमवर. म्हणून पायथन शिकलेल्या मुलांना हा प्रश्न बरेच दिवस भेटत नाही. तो भेटतो तिथे पायथनने फाइल मजकूर म्हणून उघडलेली नसते: झिपमधून आलेले बाइट, नेटवरून आलेलं उत्तर, दुसऱ्या प्रोग्रॅमचं आउटपुट. या मजकुरावर बॅकस्लॅश-एनने ‘स्प्लिट’ केलं की सीआर मागे राहतो. मग ‘स्प्लिटलाइन्स’ वापरावं का? वापरा, पण एक गोष्ट माहीत असू द्या: ती १० आणि १३ शिवाय व्हर्टिकल टॅब, फॉर्म फीड, १३३ क्रमांकाचं चिन्ह आणि युनिकोडचे स्वतंत्र ओळ-विभाजक आणि परिच्छेद-विभाजक यांवरही ओळ तोडते. पीडीएफमधून किंवा वेबपानावरून कॉपी केलेल्या मजकुरात अशी चिन्हं येतात, आणि एका नोंदीच्या दोन होतात. डेटा असेल तर आधी सीआरएलएफचं एलएफ करून घ्या आणि मगच तोडा.

लिहिताना पायथन विंडोजवर बॅकस्लॅश-एनचं सीआरएलएफ करतो. लिनक्स सर्व्हरसाठी फाइल बनवताय तर ‘ओपन’ला ‘न्यूलाइन’ हा पर्याय बॅकस्लॅश-एन असा द्या, म्हणजे रूपांतर थांबतं. सोबत ‘एन्कोडिंग’ यूटीएफ-८ द्यायला विसरू नका. विंडोजवरचं ठरलेलं एन्कोडिंग बऱ्याचदा वेगळंच असतं आणि मराठी लिहिताना प्रोग्रॅम थेट एरर देऊन थांबतो.

जावात वाचणं निर्धास्त आहे: ‘बफर्डरीडर’ची ‘रीडलाइन’ तिन्ही पद्धती ओळखते. लिहिण्यात गंमत आहे. ‘प्रिंटएलएन’ आणि फॉरमॅटमधलं टक्के-एन त्या मशीनची पद्धत वापरतात, बॅकस्लॅश-एन मात्र नेहमी १०. एकाच प्रोग्रॅममध्ये दोन्ही वापरले की विंडोजवर मिश्र फाइल तयार. एक ठरवा आणि तेच पाळा. हातात आलेली स्ट्रिंग तोडायला जावा ८ पासून रेगेक्समध्ये, म्हणजे मजकूर शोधायच्या नमुन्यात, बॅकस्लॅश-मोठा-आर आहे.

सी शार्पमध्ये ‘रीडलाइन’ आणि ‘रीड-ऑल-लाइन्स’ तिन्ही सांभाळतात. ‘एन्व्हायर्नमेंट डॉट न्यूलाइन’ मशीनप्रमाणे बदलतं, म्हणून नेटवर्कवर पाठवायच्या मजकुरात ते नको. जावास्क्रिप्टमध्ये ‘सीआर असेल किंवा नसेल, मग एलएफ’ असा रेगेक्स देऊन ‘स्प्लिट’ करायची सवय लावा. गो भाषेतला ‘स्कॅनर’ शेवटचा सीआर काढून देतो, पण ‘रीडस्ट्रिंग’ नाही देत. आणि स्कॅनरची ओळ ठरलेल्या ६४ किलोबाइटच्या पलीकडे गेली तर तो थांबतो, तेव्हा नुसत्या सीआरची मोठी फाइल त्याला एकच अजस्र ओळ वाटते. रस्टची ‘लाइन्स’ दोन्ही काढते, ‘रीड-लाइन’ काहीच काढत नाही. पीएचपीत एवढंच लक्षात ठेवा की एकेरी अवतरणातलं बॅकस्लॅश-एन ही नवी ओळ नसून दोन साधी अक्षरं असतात.

एक्सेल, सीएसव्ही आणि मधली रिकामी ओळ

सीएसव्हीला वेगळी जागा द्यायला हवी, कारण आपल्याकडे बहुतेक डेटा याच दारातून येतो. आरएफसी ४१८० या दस्तऐवजात सीएसव्हीच्या नोंदीचा शेवट सीआरएलएफ सांगितला आहे, आणि पायथनचं सीएसव्ही मॉड्यूल ते पाळतं: नोंद लिहिली की स्वतःच १३-१० टाकतं. विंडोजवर फाइल साध्या पद्धतीने उघडलेली असेल तर खालचा थर त्यातल्या १० चं पुन्हा १३-१० करतो. फाइलमध्ये पडतं १३-१३-१०. एक्सेल ते दोन ओळी धरतं आणि प्रत्येक नोंदीनंतर एक रिकामी ओळ दिसते. उपाय एकच आणि पक्का: सीएसव्हीसाठी फाइल उघडताना ‘न्यूलाइन’ला रिकामी स्ट्रिंग द्या, वाचताना आणि लिहिताना दोन्ही वेळी. रिकाम्या ओळी नंतर गाळणारा कोड लिहू नका. तो दुखणं झाकतो.

वाचताना का, तर एक्सेलमध्ये एकाच चौकटीत आल्ट-एंटर दाबून दोन ओळी लिहिता येतात. त्या आतल्या ओळीचा शेवट एकटा १०, आणि सगळ्या नोंदीचा शेवट १३-१०. शेतकऱ्याचा पत्ता असा लिहिलेला असेल तर ती चौकट दुहेरी अवतरणात येते. अशी फाइल ‘एलएफ दिसला की नवी नोंद’ या हिशेबाने तोडली की गावाचं नाव पुढच्या नोंदीच्या पहिल्या रकान्यात जातं. म्हणून सीएसव्ही हाताने तोडू नये, मॉड्यूलकडूनच वाचून घ्यावी.

सेव्ह करताना एक्सेलमध्ये ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडा. नुसतं ‘सीएसव्ही’ निवडलं तर मराठीची प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत येत नाहीत. यूटीएफ-८ च्या फाइलला एक्सेल बीओएम लावतं. पायथनमध्ये ‘यूटीएफ-८-सिग’ एन्कोडिंग दिलं की ते निघून जातं, नाहीतर पहिल्या रकान्याचं शीर्षक कधीच जुळत नाही.

मायएसक्यूएलच्या ‘लोड डेटा’ला काही न सांगता सोडलं तर ती ओळ १० वर संपते असं मानते आणि १३ शेवटच्या रकान्यात भरते. सुरुवातीला सांगितलेला ‘तूर’ बऱ्याचदा असाच बनतो. ‘लाइन्स टर्मिनेटेड बाय’मध्ये सीआरएलएफ स्पष्ट लिहा. पोस्टग्रेस तिन्ही पद्धती घेतं, पण एकाच फाइलमध्ये त्यांची सरमिसळ दिसली की तक्रार करून थांबतं. त्याचा राग येतो, पण ते बरोबर वागतं.

यूटीएफ-१६ आणि उसाचा ‘ऊ’

एक्सेलचा जुना पर्याय ‘युनिकोड टेक्स्ट’ निवडला, किंवा पॉवरशेल ५.१ मध्ये ‘>’ वापरून आउटपुट फाइलमध्ये वळवलं, तर फाइल यूटीएफ-१६ मध्ये बनते. तिथे प्रत्येक देवनागरी चिन्ह दोन बाइटांचं, आणि ओळीचा शेवट चार बाइटांचा: १३, ०, १०, ०. आता मराठीपुरती खास अडचण बघा. युनिकोडमध्ये ‘ऊ’चा क्रमांक सोळाच्या पायात शून्य-नऊ-शून्य-ए आहे. विंडोजच्या यूटीएफ-१६ मध्ये तो १०, ९ असा साठतो. म्हणजे ‘ऊस’ या शब्दाचा पहिलाच बाइट एलएफ आणि दुसरा टॅब! जो प्रोग्रॅम बाइट बघून ओळी तोडतो, तो या फाइलमधला ऊस जिथे जिथे येईल तिथे ओळ तोडेल. ‘च’चं आणखी वाईट: त्याचा पहिला बाइट २६. वर सांगितल्याप्रमाणे विंडोजवर सीची मजकूर पद्धत २६ ला फाइलचा शेवट मानते, त्यामुळे ‘चारा’ हा शब्द आला की वाचन तिथेच संपतं, आणि एररही येत नाही.

अशा फाइलवर ‘टीआर’ने सगळे १३ उडवले तर प्रत्येक ओळीमागे एकच बाइट जातो, जोडीतला शून्य मागे राहतो आणि पुढची ओळ एका बाइटने सरकते. त्या ओळीच्या शेवटी आणखी एक बाइट जातो आणि गाडी परत रुळावर. परिणाम: एक ओळ स्वच्छ मराठी, एक ओळ चिनीसारखी चिन्हं, पुन्हा एक मराठी. हा पट्टेरी नमुना दिसला की दुसरं काही शोधू नका. मूळ फाइलवर ‘आयकॉनव्ह’ चालवून आधी यूटीएफ-८ करा आणि मगच ओळींच्या टोकांना हात लावा. यूटीएफ-८ मध्ये हा धोका नाही: देवनागरी चिन्हाचे तिन्ही बाइट १२७ च्या वरचेच असतात (‘ऊ’ म्हणजे २२४, १६४, १३८), त्यात १०, १३ किंवा २६ कधीच येत नाही.

दुरुस्ती

उबुंटूवर ‘डॉस-टू-युनिक्स’ हे साधन बसवून घ्या, नावात मधे आकडा २ आहे. फाइलचं नाव दिलं की ती जागेवरच बदलते. बायनरी वाटणारी फाइल ती सोडून देते, हा तिचा मोठा गुण. उलट्या दिशेला ‘युनिक्स-टू-डॉस’, आणि नुसत्या सीआरसाठी ‘मॅक-टू-युनिक्स’. साधन बसवता येत नसेल तर ‘सेड’ने ओळीच्या टोकाचा, म्हणजे $ च्या आधीचाच, सीआर काढा. ‘टीआर वजा-डी’ सगळीकडचे सीआर काढते, आणि नुसत्या सीआरच्या फाइलवर चालवली तर सगळ्या ओळी एकमेकींत मिसळून टाकते. मॅकवरचं सेड लिनक्सच्या सेडपेक्षा वेगळं वागतं. तिथे पर्ल वापरा.

पूर्ण फोल्डरवर आंधळेपणाने सेड चालवू नका. चित्रं आणि पीडीएफ त्यात सापडली तर गेली. पीएनजी फाइलचे पहिले आठ बाइट १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १० असे मुद्दाम ठेवले आहेत, ते याच अपघातासाठी: कोणी ओळींची टोकं बदलली की १३-१० किंवा शेवटचा १० बिघडतो आणि चित्र उघडणाऱ्या प्रोग्रॅमला पहिल्या झटक्यात कळतं. सगळ्याच फाइलप्रकारांना असा पहारेकरी नसतो. फाइलझिलासारख्या साधनाने एफटीपी करताना बदलीचा प्रकार बायनरी ठेवा, म्हणजे वाटेत कोणी टोकं बदलणार नाही.

विममध्ये ‘सेट एफएफ बरोबर युनिक्स’ म्हणून सेव्ह केलं की झालं. मिश्र फाइलमध्ये मात्र विम ती युनिक्सचीच समजतो आणि काही ओळींपुढे ^एम दाखवतो. तेव्हा ते आधी शोधा-बदला करून काढावे लागतात.

गिटमध्ये एकदाच बांधून ठेवा

‘कोअर डॉट ऑटोसीआरएलएफ’ ही सेटिंग ज्याच्या त्याच्या मशीनवर असते. विंडोजच्या गिटमध्ये बसवताना ती बहुधा ‘ट्रू’ होते, लिनक्सवर नसते, आणि टीममधल्या एकाने इंस्टॉलरमध्ये काही वेगळंच निवडलेलं असतं. म्हणून तिच्यावर विसंबू नका. प्रकल्पाच्या मुळाशी ‘डॉट-गिटॲट्रिब्यूट्स’ नावाची फाइल ठेवा. ती कोडसोबत सगळ्यांकडे जाते आणि त्या सेटिंगच्या वर चालते. तिच्यात एवढं पुरे:

* टेक्स्ट=ऑटो
*.एसएच टेक्स्ट ईओएल=एलएफ
*.बॅट टेक्स्ट ईओएल=सीआरएलएफ
*.पीएनजी बायनरी

पहिली ओळ सांगते की मजकूर वाटेल ते सगळं रेपॉझिटरीत एलएफने साठव. दुसरी शेल स्क्रिप्ट विंडोजवरही एलएफच ठेवते, म्हणजे तिथून डॉकर इमेज बनवली तरी ती चालते. तिसरी उलट: ‘गोटू’ आणि लेबलं असलेली बॅच फाइल एलएफवर असली तर कधी कधी लेबल सापडत नाही, आणि ही चूक शोधणं फार जिकिरीचं.

जुन्या प्रकल्पात ही फाइल टाकल्यावर हातातले सगळे बदल आधी कमिट करा. मग ‘गिट ॲड’ला ‘रीनॉर्मलाइझ’ पर्याय आणि डॉट देऊन सगळ्या फाइली एकदा सरळ करा आणि हा बदल वेगळ्या कमिटमध्ये ठेवा, त्यात दुसरं काहीही मिसळू नका. टीममधल्या सगळ्यांनी आपापल्या शाखा आधी जोडून घेतल्या तर बरं, नाहीतर प्रत्येक ओळीवर झगडा होतो. तपासणीसाठी ‘गिट एलएस-फाइल्स’ला ‘ईओएल’ पर्याय द्या: प्रत्येक फाइलपुढे ‘आय’ म्हणजे गिटच्या आत काय आहे आणि ‘डब्ल्यू’ म्हणजे तुमच्या डिस्कवर काय आहे ते दिसतं. ‘आय’च्या पुढे कुठेही सीआरएलएफ किंवा मिक्स्ड दिसलं तर ती फाइल अजून सरळ झालेली नाही.

एडिटरांसाठी ‘डॉट-एडिटरकॉन्फिग’ फाइलमध्ये ‘एंड ऑफ लाइन’ एलएफ आणि ‘इन्सर्ट फायनल न्यूलाइन’ ट्रू करून ठेवा. शेवटची ओळ न संपवण्याचा प्रश्न तिथेच मिटतो. बॅच फाइलींना त्यातही अपवाद द्या, नाहीतर एडिटर आणि गिट एकमेकांचं काम मोडत राहतील.

सगळीकडे एलएफ करत सुटताना नेटवर्कचे नियम मोडू नका. एचटीटीपीचं शीर्षक आणि एसएमटीपीची प्रत्येक ओळ सीआरएलएफनेच संपायला हवी. सॉकेटवर हाताने मेल पाठवणारा प्रोग्रॅम लिनक्सवर बॅकस्लॅश-एन पाठवतो तेव्हा काही सर्व्हर ते चालवून घेतात, काही नाकारतात. तिथे बॅकस्लॅश-आर, बॅकस्लॅश-एन दोन्ही अक्षरं स्वतः लिहा, मशीनप्रमाणे बदलणारं कुठलंही नाव वापरू नका.